तोंड रस्त्याकडे

आमच्या मालकांना आयुष्यात एकाच गोष्टीची चीड होती. भिंतीकडे तोंड करून उभी केलेली गाडी. रात्री-अपरात्री रेडिओ लावणारा भाडेकरू त्यांना चालायचा, जिन्यात चपलांचा ढीग चालायचा, गच्चीवर कुणाच्या गोधड्या आठ-आठ दिवस पडलेल्या चालायच्या. पण आवारात कुणी गाडी नाकासमोर आत घुसवून भिंतीला टेकवली, की त्यांचं डोकं फिरायचं. गाडीच्या टपावर थाप मारून ते ओरडायचे, "कुनाची गारी ही? शालेत शिक्षा केल्यासारखी भिंतीकडं तोंर करून कनाला उभी केली?"

कनाला म्हणजे कशाला. त्यांची बोली मला तशीच्या तशी उतरवता येणार नाही, कारण मी मूळची कोकणातली आणि वाढलेली विठ्ठलवाडीची. ते ठाण्याच्या कोपरीतले जुने, पिढ्यानपिढ्यांचे. वडील मिठागरात राबलेले, थोडी भातशेतीही होती. ती सगळी जागा गेली, खळं तेवढं राहिलं, आणि त्या खळ्यावर मालकांनी तीन मजली इमारत बांधली. पुढे फरशीचं आवार, सहा गाड्या जेमतेम मावतील एवढं, आणि गेटच्या बाहेर लगेच रस्ता. स्टेशनकडे पळणाऱ्या रिक्षा, सायकली, शाळेची मुलं, भाजीच्या हातगाड्या, सगळं त्याच रस्त्यावर.

नवऱ्याला ठाण्यात नोकरी लागली म्हणून आम्ही तिथे खोली बघायला गेलेलो. दिरानं आम्हाला देऊन टाकलेली जुनी गाडी घेऊन. ती सकाळपासूनची चौथी जागा होती आणि माझ्या पायांत गोळे आलेले. नवऱ्यानं मोठ्या ऐटीत गाडी आत घातली आणि थेट भिंतीपाशी नेऊन थांबवली. मालक बनियन-लुंगीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. मी मनातल्या मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. माणसं किती, काम काय, मासे खाता का. त्यांनी त्यातलं एकही विचारलं नाही.

"बाहेर काढ," ते म्हणाले.

"काय?" नवरा म्हणाला.

"गारी. बाहेर काढ आनि उलटी आन."

नवऱ्यानं गाडी बाहेर काढली. मग जे काही झालं ते विचारू नका. एकदा गेटच्या खांबाला, एकदा पाण्याच्या ड्रमला, आणि मागे रिक्षावाल्यांचे भोंगे. चार वेळा आत-बाहेर केल्यावर गाडी आडवी होऊन रुतल्यासारखी उभी राहिली. नवऱ्याचा शर्ट पाठीला चिकटलेला. मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, "रूम नाय."

माझं डोकं सटकलं. "काका, खोली गाडीला द्यायची आहे की माणसांना?"

"मानसांनाच. पन मानूस कसा हाय ते गारी लावताना समजतं."

"मग मला पंधरा दिवस द्या. मी लावून दाखवते."

खरं सांगते, तोपर्यंत मी स्टिअरिंगला हातसुद्धा लावलेला नव्हता. नवरा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी विमान उडवते म्हटलंय. मालकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नवरा नाय, तूच?"

"मीच."

"बरं. सामान कवा आनताय?"

त्या पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. त्यांनी एकदाही खोली सोडा म्हटलं नाही, पण रोज सकाळी साडेसहाला खालून हाक यायची, "ए बाय! चावी आन!" मी कणीक मळत असले तरी तशीच हात पुसत खाली जायचे. पहिले आठ दिवस तर त्यांनी गाडी सुरूच करू दिली नाही. नुसतं बसायचं आणि मान मागे वळवायची. डावीकडून, उजवीकडून, परत डावीकडून. माझी मान इतकी दुखायची की सासूबाई फोनवर म्हणाल्या, अगं, एवढं दुखतंय तर शेकत जा जरा. त्यांना काय सांगणार, की मी घरमालकाकडे मागे बघायला शिकतेय!

मग गाडी सुरू झाली, आणि मालकांनी मागे अडथळे मांडायला सुरुवात केली. आधी रिकामी बादली. मग तुळशीची कुंडी. आणि एके दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उन्हात वाळत घातलेली बारीक कोळंबी, जवळा. अख्खी चटई भरून. "हितं थांबायचं," मालक चटईपुढे बोट दाखवून म्हणाले. मी थांबले, पण चटईच्या पलीकडे. काकू झाडू घेऊनच बाहेर आल्या. मला वाटलं आता माझी धडगत नाही, पण त्यांनी झाडू उगारला तो मालकांवर. "जवल्यानं तुजा काय घोरा मारला रं? पोरीला शिकवाचा तर तुजी खुर्ची ठेव मागं!" चाकांच्या खाचांमधून मी दोन दिवस काडीनं जवळा काढत होते. त्या वर्षी गाडीत बसलेला प्रत्येक पाहुणा नाक मुरडायचा आणि विचारायचा, तुमच्याकडे आज काय बेत आहे?

आरशात बघायला त्यांची हरकत नव्हती, पण नुसत्या आरशावर विसंबलेलं त्यांना खपायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलानं नवीकोरी गाडी घेतली, मागे कॅमेरा, पुढे स्क्रीन. मालकांनी खिडकीतून हात घालून त्या स्क्रीनवर आपला टॉवेल टाकला. "टीवी घरी बघ," म्हणाले. पोरगा भडकला, पण गाडी टॉवेलसकटच लावली.

त्यांच्या या वेडाचं कारण काय, यावर इमारतीत प्रत्येकाकडे एकेक गोष्ट होती. कुणी म्हणायचं, त्यांच्या भावाला साप चावला आणि टेम्पो भिंतीकडे तोंड करून उभा होता, तो वळवेपर्यंत उशीर झाला. कुणी म्हणायचं, तरुणपणी पोलीस मागे लागले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या मते मालकांनी काकूंना पळवून आणलेलं, म्हणून पळायची सवय राहून गेली. मी काकूंनाच विचारलं. त्या पोट धरधरून हसल्या. "मना पलवून? ह्यांनी? आगो, वरातीची बैलगारी दोन तास उशिरा आयलेली, माजा बाप उन्हात उभा!" भावाला सापही चावला नव्हता. भाऊ धडधाकट, खडवलीला मुलीकडे राहत होता. मालकांच्या कानावर या गोष्टी जायच्या आणि ते कधी नाही म्हणायचे नाहीत. उलट साप किती लांब होता ते हातानं दाखवायचे.

खरं कारण मला त्यांनी एकदा गाडीतच सांगितलं. तरुणपणी मिठागरातलं काम सुटल्यावर ते एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे क्लीनर म्हणून लागले. गाडी शिकले, पण चावी कुणी हातात देईना. तिथला सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणायचा, तुम्ही मीठ ओढणारी माणसं, तुमच्या हातात ट्रक दिला तर तो खाडीत जाईल. कोपरीत त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं एक गोडाऊन होतं, गल्ली एवढी अरुंद की ट्रक आत न्यायला भलेभले टरकायचे. एक दिवस ड्रायव्हर आला नाही, माल तर उतरवायचाच होता. मालकांनी ट्रक घेतला आणि उलटा गोडाऊनच्या दारापर्यंत नेला. एका दमात. दोन्ही बाजूंना वीत-वीत जागा.

"मग? टाळ्या वाजवल्या असतील सगळ्यांनी," मी म्हटलं.

"कोन टाली वाजवतंय! पन दुसऱ्या दिवशी चावी माज्या हातात व्हती." आणि मग लगेच मला ओरडले, "मागं बघ, मागं! गोष्टी ऐकत बसलीस काय?"

पण त्यांचं म्हणणं नुसतं अभिमानाचं नव्हतं, त्यात हिशेब होता. येताना आपल्याला वेळ असतो, ते सांगायचे. जागा डोळ्यांसमोर असते, आत कोण आहे, काय आहे, सगळं बघून येता येतं. निघताना घाई असते, आणि तेव्हा पाठीमागून रस्त्यात घुसायचं म्हणजे शाळेच्या पोरांवर आंधळ्यासारखं जायचं. वर चाकांचं गणित. "वलतात ती पुढची चाकं, मागची वलत नाय. मग अरचनीच्या जागेत आधी मागचं घुसवायचं, का पुढचं?" मी शाळेत गणितात काठावर पास झालेली, पण हे मला एकदम पटलं.

घरातही तोच कारभार. दारातल्या चपला सगळ्या बाहेर तोंड करून. पाहुणे आत चहा पीत असले की मालक हळूच उठून त्यांच्या चपला वळवून यायचे. एकदा निवडणुकीच्या आधी एक उमेदवार मोठ्या गाडीतून मतं मागायला आला. ड्रायव्हरनं गाडी नाकासमोर आत घातली. मालक खुर्चीतून उठले, घरात गेले आणि दार लावून बसले. कार्यकर्ते दार वाजवतायत, आतून आवाज, "आधी गारी सरल करा!" शेवटी तो उमेदवार हार घालूनच बाहेर रस्त्यावर उभा राहिला आणि आपल्या ड्रायव्हरला मागे घे, मागे घे करत होता. मत दिलं की नाही ते मालकांनी काकूंनासुद्धा सांगितलं नाही.

आमच्यात त्यांच्याशी खरा भांडला तो एकच माणूस, तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. शुद्ध बोलणारे, कागदावर मुद्दे लिहून आणणारे. त्यांचं म्हणणं असं की गाड्या उलट्या लावल्यामुळे सगळ्यांच्या धुराची नळकांडी त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली येतात. "मालक, आपला नियम योग्य असेलही, परंतु सकाळी सात वाजता चार गाड्यांचा धूर मी का सोसावा?" सगळ्यांना वाटलं आता जुंपणार. पण दोन दिवसांनी मालकांनी आपली कपाटं, पलंग, देव्हारा सगळं उचललं, स्वतःची पलीकडच्या बाजूची हवेशीर जागा त्या गृहस्थांना दिली आणि आपण दोघं त्या धुराच्या खोलीत राहायला गेले. "नियम माजा, तर धूर पन मीच खानार," एवढंच म्हणाले. काकूंनी महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला. मी काकूंच्या जागी असते तर तीन महिने धरला असता, पण त्या दिवशी मला त्या माणसाच्या घरात भाडेकरू असल्याचा फार अभिमान वाटला.

मालक गेले त्याला आता दोन वर्षं झाली. आम्ही तोवर कल्याणला स्वतःच्या घरात राहायला आलेलो. फोन आला तशी धावत गेले. शववाहिका आली. तिच्यात खरं तर मागूनच चढवायचं असतं, तरी त्या पठ्ठ्या ड्रायव्हरनं घाईत नाक पुढे करून आवारात घातली. तेवढ्यात तेच बँकेतले गृहस्थ पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "कृपा करून गाडी बाहेर घ्या आणि रिव्हर्स आणा."

"साहेब, इथे मयत आहे आणि तुम्हाला…"

"मयत आहे म्हणूनच म्हणतोय."

आतून रडता रडता काकू ओरडल्या, "उलटी आन रं बाबा, नायतर ह्ये बसाचे नाय!" आणि आख्खं आवार रडता रडता हसलं. तीन प्रयत्नांत आली गाडी एकदाची.

पण डोळे मिटले की मला ते त्या दिवशीचे दिसत नाहीत. मला दिसतात ते शाळेच्या गल्लीतले, पाठमोरे.

झालं असं होतं. कोपरीतल्या आमच्या चौथ्या वर्षी नवऱ्याची कंपनी बंद पडली. पाच महिने तो घरी. मुलगी पहिलीत. मी शिवणाची कामं घेत होते, पण त्यावर चार माणसांचं कसं भागणार? सासूबाईही तेव्हा आमच्याकडेच होत्या. मालक म्हणाले, गाडी येते ना तुला, मग घरात काय बसलीस? त्यांनीच मागे लागून मला धंद्याच्या गाडीचं लायसन्स आणि बॅज काढायला लावला. जवळच्या एका शाळेला व्हॅनसाठी ड्रायव्हर हवा होता. मी गेले तर तिथे वाहतूक बघणारे सर मला बघूनच हसले.

"बाई, गाडी चालवणं वेगळं. आमची गल्ली बघितलीत का?"

गल्ली मी बघितली होती. शाळेच्या कुंपणाला लागून एक बंद बोळ, शेवटी भिंत. शाळा सुटायच्या आधी व्हॅन उलटी आत न्यायची, कारण घंटा झाल्यावर तिथे पोरंच पोरं होतात आणि तेव्हा एक वीतभरही मागे जायची सोय नसते. मुलं भरायची आणि सरळ बाहेर पडायचं. म्हणजे मालकांचाच नियम, फक्त इथे तो शाळेनं केलेला.

"लेडीजना रिव्हर्स जमत नाही, हा माझा अनुभव आहे," सर म्हणाले. "उद्या कुणाला लागलं तर पालक मला धरतील. तरी तुमची इच्छा असेल तर उद्या दुपारी एकदा लावून दाखवा. एकदाच."

घरी येऊन मी मालकांना सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून खाली उभे. "मी येतू," म्हणाले.

दुपारचं ऊन, शाळा सुटायला अर्धा तास. बोळाच्या तोंडाशी बाकीचे व्हॅनवाले जमलेले, वॉचमन, लवकर आलेल्या आठ-दहा आया. मालक माझ्या शेजारी बसलेले. मी रिव्हर्स टाकला, क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. कुणीतरी फिसकन हसलं. परत सुरू केली, दोन हात मागे गेले, तर चहूकडून गलका सुरू. "लेफ्ट मारा मॅडम! राइट, राइट! आने दो! बस बस!" एक म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे. माझे हात घामानं स्टिअरिंगवरून सटकायला लागले. डोळ्यांपुढे नवरा, मुलीची फी, सासूबाईंची औषधं, सगळं एकदम. मी ब्रेक दाबून धरला. सरांनी घड्याळाकडे बघितलं.

"काका, मला नाही जमणार," मी म्हटलं.

मालकांनी दार उघडलं आणि उतरले. मला वाटलं, आता हेही मागे उभं राहून हातवारे करणार. ते व्हॅनच्या कडेनं चालत बोळात आत गेले, पार शेवटपर्यंत. व्हॅन जिथे थांबायला हवी तिथे, भिंतीच्या पुढे हातभर अंतरावर उभे राहिले. आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं.

गलका बंद झाला. मी खिडकीतून मान काढून किंचाळले, "काका, वेड लागलंय का तुम्हाला? बाजूला व्हा!"

त्यांनी मान वळवली नाही. "ये गो," म्हणाले. नुसतं एवढंच, रोज सकाळी म्हणायचे तसं.

सर धावत पुढे आले, "अहो आजोबा!" म्हणून, पण मी तोवर मान मागे वळवली होती. आता मला सर दिसत नव्हते, व्हॅनवाले दिसत नव्हते. मागच्या काचेतून एक पांढरा सदरा दिसत होता, इस्त्रीच्या घड्या मोडलेला, आणि पिकलेल्या केसांचं डोकं. माझे वडील गेल्यानंतर माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नव्हतं. मी क्लच सोडला. डावीकडचं कुंपण बघितलं, उजवीकडची भिंत बघितली, पांढरा सदरा बघितला. चाकं सरळ केली. सदरा मोठा होत गेला, मोठा होत गेला, आणि मी थांबले.

हँडब्रेक ओढून उतरले. मागे जाऊन बघितलं. बंपर आणि मालकांच्या पिंढऱ्यांच्या मधे वीतभर जागा होती. दोन्ही बाजूंना गाडी कुठे म्हणून घासलेली नव्हती. एका व्हॅनवाल्यानं शिट्टी मारली आणि आया टाळ्या वाजवायला लागल्या.

सरांचा चेहरा पांढराफटक पडलेला. ते मालकांवरच उखडले. "मरायचं होतं का तुम्हाला? बरं उभे राहिलात ते राहिलात, निदान एकदा वळून तरी बघायचंत!"

मालक आता वळले. भिंतीची धूळ सदऱ्याला लागलेली, ती त्यांनी हातानं झटकली.

"कनाला बघू?" ते म्हणाले. "गारीत ही व्हती ना."

मग मात्र मला रडू आलं, आणि त्या सगळ्या व्हॅनवाल्यांसमोर मी ते लपवलंही नाही.